सहलीच्या यादीत आजीचंही नाव हवं

वर्षावास संपला, पाऊस सरला, की आपल्या वस्त्यांमध्ये सहलीची बोलणी सुरू होतात. विहारात बैठक बसते. कुणी म्हणतं मनसरला जाऊ, कुणी म्हणतं पवनीचा स्तूप अजून पाहिलाच नाही, कुणी भद्रावतीची विजासन लेणी सुचवतं. मिनी बस ठरते, माणशी वर्गणी ठरते आणि एका वहीत नावं लिहायला घेतात. आम्ही काही परिचारिका, आशाताई आणि महिला मंडळाच्या बाया मिळून वस्तीत आरोग्याचं काम करतो. ती वही आम्ही नेहमी मागून घेतो. तिच्यात कोणाची नावं आहेत यापेक्षा कोणाची नाहीत, हे आम्हाला बघायचं असतं.

नसलेली नावं बहुतेक वेळा तीच असतात. गुडघ्यांनी हैराण झालेली आजी. साखरेचं इंजेक्शन घेणारे बाबा. सहावा महिना लागलेली सून. दम्याचा काका. आणि सिकलसेलची मुलगी. घरचे मायेनंच म्हणतात, ‘वाटेत काही झालं तर? राहू दे तिला घरी.’ ती राहते. बाकीचे फोटो दाखवतात, ती बघते. असं पाच-सात वर्षं चाललं की त्या माणसाला स्वतःलाच वाटायला लागतं, आपण आता कुठं जाण्यासारखे राहिलो नाही. हे वाटणंही आजारात भर घालतं. चालणं थांबतं, चार माणसांत बसणं थांबतं, गोळी वेळेवर घेण्याचा उत्साहही जातो.

ज्या जागा पाहायला आपण निघतो, त्या आपल्या आजा-पणजांना कोणी दाखवल्या नव्हत्या. आता रस्ते आहेत, गाड्या आहेत, इतिहास वाचलेली पोरं घरात आहेत. अशा वेळी जिनं आयुष्यभर धुणीभांडी करून ती पोरं शिकवली, तीच मागे राहावी हे बरोबर नाही. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर औषधांबरोबर सहलीचीही गोष्ट करतो आहोत.

काठी टेकत आलेले बाबासाहेब

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. मधुमेह जुना होता, पाय साथ देत नव्हते, हातात काठी होती. घरात डॉक्टर असलेल्या माईसाहेब सोबत होत्या. नागपूरचा सोहळा झाल्यावर १६ ऑक्टोबरला ते चंद्रपूरला गेले आणि तिथंही लोकांना दीक्षा दिली. पुढे दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

हे आम्ही सांगतो ते कोणी आजारपण अंगावर काढावं म्हणून नाही. मधुमेह असलेल्या, पाय दुखणाऱ्या माणसाला प्रवास बंद, असा नियम आपण घरोघरी करून ठेवला आहे. तो वैद्यकशास्त्रानं केलेला नाही. अशा माणसाला प्रवास करता येतो. सोबतीला माणूस लागतो, औषध लागतं, विसावा लागतो आणि आधी केलेला विचार लागतो. या चार गोष्टी जुळवणं हे सहल काढणाऱ्यांचं काम आहे.

कुठं जायचं? शरीराचा हिशेब करून ठरवा

ठिकाण निवडताना आपण इतिहास आणि अंतर बघतो. त्यात तिसरी गोष्ट मिळवा: तिथं शरीराला काय करावं लागेल.

*दीक्षाभूमी.* नागपूरकरांना ही रोजची जागा वाटते, पण वस्तीतल्या कितीतरी आज्या फक्त गर्दीच्या दिवशी आलेल्या असतात. त्या दिवशी आत नीट बसायलाही मिळत नाही. १८ डिसेंबर २००१ ला तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालेला हा स्तूप आतून पोकळ आहे, उंची १२० फूट. घुमटाखाली शांत बसावं, बाबासाहेबांच्या अस्थींना वंदन करावं, बोधिवृक्षाखाली यावं. हे सगळं साध्या दिवशी, सकाळी, सावकाश करता येतं. म्हाताऱ्या माणसांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत ओढत नेण्यापेक्षा नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी न्या. एक गोष्ट मात्र मधुमेह्यांनी ध्यानात ठेवावी. चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तापलेली असते. ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका कळत नाही. फोड घरी आल्यावर दिसतो. अशा माणसांनी सुती मोजे घालावेत आणि सकाळीच जावं.

*कामठी आणि चिचोली.* कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये उभं राहिलं. मोकळं, स्वच्छ, बागेनं वेढलेलं ठिकाण आहे. वाटेत कामठी रोडवर नागलोक आहे. चिचोलीचं शांतिवन वामनराव गोडबोले यांच्या पुढाकारानं झालं. १९५६ च्या सोहळ्याचे ते एक संघटक. तिथं बाबासाहेबांच्या वापरातले कपडे, टंकलेखन यंत्र अशा वस्तू जपल्या आहेत. या जागा सपाट आहेत, शहरापासून जवळ आहेत. ज्यांना सहलीची सवय मोडली आहे, त्यांची सुरुवात इथून करावी. अर्ध्या दिवसात घरी परत येता येतं.

*मनसर.* नागपूर-जबलपूर रस्त्यावर, रामटेकच्या अलीकडे. इथली हिडिंबा टेकडी १९९८ च्या सुमारास बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकारानं खणली गेली. भदंत सुरेई ससाई यांनी ध्यास घेतला आणि जे. पी. जोशी व ए. के. शर्मा या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. टेकडीच्या पोटातून विटांचं मोठं बांधकाम बाहेर आलं. वाकाटकांच्या काळाशी त्याचं नातं आहे. वरचे अवशेष बौद्ध की ब्राह्मणी, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. मुलांना हा वादही सांगा, म्हणजे ती डोळे उघडे ठेवून बघतील. शरीराच्या हिशेबानं इथं चढ आहे आणि ऊन आहे. ज्यांना चढवत नाही त्यांनी खालून टेकडी आणि तलाव बघावा, एक जण त्यांच्यासोबत खाली थांबावा.

*पवनी.* भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडी व चांदकापूर इथं मोठे स्तूप उजेडात आले. इथल्या एका शिल्पात मुचलिंद नाग कोरला आहे. बुद्धाला पावसात भिजू नये म्हणून फणा धरणारा तोच नाग. पण फण्याखाली बुद्धाची मूर्ती नाही, आसन रिकामं आहे. कारण त्या जुन्या काळी बुद्धाला मानवी रूपात कोरत नसत. स्तूपासाठी दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली, त्यांत बायकांचीही नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपासिका! आपल्या महिला मंडळानं हे एकदा तरी समजून घ्यायला हवं. चालणं मध्यम आहे. काळजी नदीची. पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात उतरू नये आणि पोरांवर डोळा ठेवायला दोन मोठी माणसं नेमून टाकावीत.

*भद्रावती.* चंद्रपूर जिल्ह्यातली विजासन लेणी. नागपूर-बल्लारशा मार्गावरच्या भांदक स्थानकावरून जवळ. टेकडी आत कोरत नेलेला लांब बोळ, त्याच्या शेवटी बसलेली बुद्धमूर्ती आणि दोन बाजूंना फुटलेले बोळ. आत अंधार असतो, हवा कोंदट असते. दम्याच्या माणसानं पंप खिशात ठेवावा, आत थोडा वेळच थांबावं, आत अगरबत्त्या पेटवू नयेत. विजेरी प्रत्येक पाच माणसांत एक हवी, म्हणजे ठेच लागून कोणी पडणार नाही. नागपूरहून ही दिवसभराची सहल आहे. पहिल्याच सहलीला म्हाताऱ्यांना इतकं लांब नेऊ नका.

सिकलसेलच्या मुलीला सोबत न्यायचं आहे

आता मुख्य गोष्ट. विदर्भात आदिवासी, बौद्ध आणि इतर मागास समाजांत सिकलसेल जास्त आढळतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं, म्हणजे दीक्षेनंतर दोनच वर्षांनी. तेव्हापासून इतकी वर्षं गेली, तरी आपल्या घरांत हा आजार लपवला जातो. पोरीचं लग्न अडेल ही भीती त्यामागे असते.

आजार समजायला सोपा आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, मागची वाट तुंबते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथं असह्य वेदना सुरू होतात. पेशींना वाकायला लावणारी कारणं मुख्यतः ही: शरीरात पाणी कमी पडणं, थंडी, ताप किंवा जंतुसंसर्ग आणि दमछाक. सहलीत ही चारही कारणं एकत्र येऊ शकतात. म्हणूनच काळजी लागते, आणि ती घेतली की बहुतेक मुलं आनंदानं सहल करू शकतात.

आमच्या ओळखीतली एक चौदा वर्षांची मुलगी शाळेच्या सहलीला गेली होती. डिसेंबरातली पहाट, उघडी गाडी, अंगात एकच स्वेटर. दुपारपर्यंत ती पाणी प्यायली नाही, कारण वाटेत लघवीला थांबणार नाहीत असं सांगितलं होतं. संध्याकाळी पाय दुखायला लागले. सोबतच्या मोठ्या माणसांना वाटलं, चालायचा कंटाळा आला म्हणून नाटक करते आहे. रात्री तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. ती बरी झाली, पण त्यानंतर तिच्या आईनं तिला कुठंच पाठवलं नाही. आमचं म्हणणं असं की घरी बसवणं हा त्यावरचा इलाज नाही. इलाज अगदी साधा होता: गाडीच्या काचा बंद, अंगात दोन जाड कपडे, हातात पाण्याची बाटली, दोन ठिकाणी थांबा, आणि ‘दुखतंय’ म्हटल्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस.

सिकलसेलचा रुग्ण सहलीला येणार असेल तर हे पाळा:

• निघण्यापूर्वी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. नुकताच त्रास होऊन गेला असेल किंवा ताप असेल, तर ती सहल सोडा, पुढच्या सहलीला न्या.
• फोलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया अशा चालू गोळ्या त्या दिवशीही चुकवू नका. सिकलसेल कार्ड आणि जुने कागद सोबत ठेवा.
• तहान लागण्याची वाट न बघता थोड्या थोड्या वेळानं पाणी द्या.
• थंड पाण्यात आंघोळ, नदीत डुंबणं नको. अंग भिजलं तर लगेच कोरडे कपडे.
• चढ आला की मध्ये मध्ये बसू द्या. ‘चल ना, किती हळू’ असं कोणी म्हणू नये. सोबतच्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा.
• दुखायला लागलं तर बसवा, पाणी पाजा, दुखऱ्या जागी गरम शेक द्या. बर्फ लावू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. दुकानातून दुसरी वेदनाशामक गोळी आणून देऊ नका, काही गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात.

आणि पुढचं काही दिसलं तर सहल तिथंच थांबवून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या: १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा बोबडं बोलणं, लहान मूल एकाएकी पांढरं पडून पोट फुगणं, मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहून तासन्‌तास दुखणं. शेवटची गोष्ट पोरं लाजेनं सांगत नाहीत, म्हणून एखाद्या मोठ्या भावानं आधीच त्यांच्याशी बोलून ठेवावं.

सिकलसेलचा वाहक म्हणजे एएस माणूस. त्याला सहसा काही त्रास नसतो. त्यानं सगळं करावं, फक्त उन्हात फार मेहनत करताना पाणी भरपूर प्यावं. पण आपण वाहक आहोत हे माहीत असलं पाहिजे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ सिकलसेलचा रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते. म्हणून आमची एक सूचना: सहलीची यादी झाली की त्यातल्या ज्यांची तपासणी झालेली नाही अशा तरुण मुलामुलींनी सहलीआधीच्या आठवड्यात मिळून जाऊन ती करून घ्यावी. एकटं जायला लाज वाटते, वीस जण मिळून गेलं की वाटत नाही.

बाया पाणी का पीत नाहीत

सहलीहून आलेल्या बायांना दोन दिवसांनी लघवीची जळजळ सुरू होते, हे आम्ही वारंवार बघतो. कारण ठरलेलं आहे. गाडी कुठं थांबेल माहीत नाही, थांबली तर आडोसा असेल का माहीत नाही, म्हणून निघायच्या आदल्या रात्रीपासूनच बाई पाणी कमी करते. दिवसभर लघवी दाबून ठेवते. यात मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, उन्हात चक्कर येते, सिकलसेल असेल तर वेदना सुरू होतात. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून त्या दिवशी ती गोळीच न घेणाऱ्या बायाही आहेत.

‘बायांनो, पाणी प्या’ एवढा उपदेश इथं पुरत नाही. गाडी ठरवणाऱ्यांनी आधी थांबे ठरवले पाहिजेत. दर दीड-दोन तासांनी एक थांबा, तो पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्टँडवर, जिथं बायांची सोय आहे. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह सगळ्यांसाठी असतं, तिथं डिझेल भरलंच पाहिजे असं नाही. हे थांबे निघण्याआधी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. कुठं थांबणार ते कळलं की बाई निर्धास्त पाणी पिते. पाळी आलेल्या मुलींसाठी पॅड, कागदी पिशव्या आणि साबण एका ताईच्या पिशवीत असावा आणि ती ताई कोण, हे मुलींना माहीत असावं.

साखर, बीपी आणि गुडघे

मधुमेहाच्या माणसाचं सहलीत हमखास चुकतं ते जेवण. सकाळी गोळी किंवा इंजेक्शन घेतलं, निघण्याच्या घाईत नाश्ता राहिला, जेवण दुपारी तीनला झालं. मधल्या वेळेत रक्तातली साखर घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, बरळतो. लोकांना वाटतं ऊन लागलं. अशा वेळी शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर पोळी-भाजी खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. इन्सुलिनची बाटली गाडीच्या पुढच्या काचेजवळ तापू देऊ नका. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिन कामाचं नसतं.

बीपीची गोळी सहलीच्या दिवशी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. वेळ मागेपुढे करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखला, थंड घाम आला, तर तिथंच बसा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे चालू नका.

गुडघ्यांसाठी एक साधी युक्ती आमच्या आज्यांना फार उपयोगी पडली आहे. पायऱ्या चढताना बरा पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायची. आणि सराव सहलीच्या आधीच करायचा. पंधरा दिवस आधीपासून रोज संध्याकाळी विहारापासून चौकापर्यंत दहा मिनिटं चाला, पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रम करायला सांगते. सहलीच्या निमित्तानं लागलेली ही चालण्याची सवय परत आल्यावर सोडू नका.

गरोदर बाईला चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर जवळची सहल करता येते. रक्तस्राव, वाढलेला बीपी, पायावर जास्त सूज असेल तर घरी राहणंच बरं. जाताना माता-बाल कार्ड सोबत घ्या.

विदर्भाचं ऊन

इथलं ऊन आपल्याला कोणी शिकवायला नको. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. म्हणून मार्च ते जून लांबची सहल काढूच नये. बुद्ध पौर्णिमेचे कार्यक्रमही सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर ठेवावेत. ऑक्टोबरचं ऊनही कमी नसतं. सकाळी अकराच्या आत उघड्यावरचं बघून घ्या, दुपार सावलीत काढा. डोक्याला दुपट्टा, अंगात सुती कपडे.

घाम थांबून अंग तापलं, माणूस बरळायला लागला, झटका आला, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकत वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओला कपडा ठेवा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

गाडीत एक पिशवी

दर गाडीत एक पिशवी आणि ती सांभाळणारं एक माणूस ठरवा. तिच्यात एवढं असावं: ओआरएसची पाकिटं, साखर आणि मीठ, पॅरासिटामॉल, पट्ट्या, कापूस, साबण, थर्मामीटर, गरम पाण्याची रबरी पिशवी, एक चादर, विजेरी. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजानं मीठ जास्त टाकू नका.

डब्यात पोळी किंवा भाकर, आलूची सुकी भाजी, ठेचा, फुटाणे, शेंगदाणे-गूळ आणि हंगाम असेल तर आपली संत्री. पहाटे केलेला भात दुपारी दोनला खाऊ नका, उन्हात तो लवकर खराब होतो. माकडांना खाऊ घालू नका. माकड किंवा कुत्रं चावलं, ओरखडलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, तिखट लावू नका. साप चावला तर चिरा देऊ नका, दोरी बांधू नका, तो पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा, औषध तिथं असतं.

खर्चाचं म्हणाल, तर एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. मिनी बस परवडत नसेल तर दहा बाया आणि चार आज्या एसटीनं पवनीला जाऊन येऊ शकतात. आधार कार्ड सोबत ठेवा.

आजाऱ्याची सेवा

विनयपिटकात एक प्रसंग येतो. एक भिक्खू जुलाबानं आजारी होऊन आपल्याच घाणीत पडलेला असतो. तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. बुद्ध आनंदासह तिथं येतात, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून पलंगावर ठेवतात. मग भिक्खूंना एकत्र करून समजावतात की तुम्हाला इथं आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करायची, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा. परिचारिकेची पदविका घेतली तेव्हा हा प्रसंग आम्हाला कोणी शिकवला नव्हता. तो नंतर विहारात ऐकला. तेव्हापासून सहलीच्या वहीकडे आम्ही याच नजरेनं बघतो.

त्यावरून आम्ही जोडीची पद्धत सुरू केली. वहीत प्रत्येक आजारी किंवा वयस्क माणसाच्या नावासमोर एका तरुणाचं नाव लिहायचं. त्यानं दिवसभर त्याच माणसाच्या चालीनं चालायचं, त्याच्या गोळीची वेळ ध्यानात ठेवायची, पाणी द्यायचं. शक्यतो घरचं नाही, शेजारचं माणूस. सुरुवातीला पोरं कुरकुर करतात. पण हळू चालताना आजी बोलायला लागते. ५६ साली तिच्या बापानं घरातले देव कसे नदीत सोडले, दीक्षेला गाव कसा पायी निघाला, मायनं लुगडं पांढरं कसं करून घेतलं, हे सगळं निघतं. पवनीच्या दगडावर कोरलेली नावं दोन हजार वर्षं टिकली. आजीच्या तोंडचा इतिहास मात्र तिच्याबरोबर जाणार आहे. तो ऐकायचा तर तिला गाडीत जागा हवी.

तेव्हा येत्या सहलीच्या बैठकीत वही उघडली की आधी एक प्रश्न विचारा: कोणाकोणाचं नाव राहिलं? घरोघर जाऊन ती नावं गोळा करा. त्यांच्या गोळ्या, कागद आणि डॉक्टरांचं म्हणणं विचारून घ्या, जोड्या लावा, थांबे लिहा. मग ठिकाण ठरवा. सगळ्यांना झेपेल असं पहिलं ठिकाण लहान असलं तरी चालेल. मनसर, पवनी, भद्रावती कुठं जात नाहीत. तिथं पोचायचं, पण सगळ्यांना घेऊन.

जय भीम.